केळीचा नव्हता तो डाग

आमच्या घरात कपड्यांचे दोनच प्रकार. केळीचे आणि बाकीचे. केळीत जाताना घालायचे कपडे वेगळ्या गाठोड्यात असतात, कारण चीक एकदा लागला की तो कपडा मेला असंच समजायचं. लागतो तेव्हा पाण्यासारखा, काही दिसत नाही. वाळला की तांबूस होतो, मग तपकिरी, मग काळपट. साबण लावा, सोडा लावा, लिंबू चोळा, रॉकेल ओता. कापड फाटेल, डाग जाणार नाही. लग्न करून मी धुळ्याहून चोपड्याकडच्या या गावात आले तेव्हा पहिल्याच महिन्यात माझी आवडती साडी अशी गेली. मी रडकुंडीला आले होते, आणि सासू हसून म्हणाली होती की आता तू आमची झालीस.

मी शिवणकाम करते. पुढच्या खोलीत मशीन, एक आरसा आणि मापासाठी एक पडदा. गावातल्या बायकांचे ब्लाऊज माझ्याकडेच येतात, त्यामुळे या गावातल्या बहुतेक बायकांच्या छात्या मी टेपने मोजलेल्या आहेत. त्यात लाजायचं काय आहे? कुणाची डावी बाजू मोठी असते, कुणाची उजवी, अगदी सारखी तर क्वचितच कुणाची. मूल पाजलं की बदलतात, पाळीच्या आधी जड होतात, वय झालं की उतरतात. बायका पडद्याआड येऊन कुजबुजत विचारतात, "माझं काही वेगळं नाही ना गं?" मी म्हणते, नाही हो, हात वर करा. माझं तोंड जरा फटकळ आहे, पण तिथं मी कुणाला हसले नाही.

माझी मोठी जाऊ, जिला मी अक्का म्हणते, हीच एक बाई पडद्याआड बडबड करायची. "ढिला शिव गं, जीव कोंडतो," हे तिचं ठरलेलं. चाळिशी ओलांडलेली, कामाला वाघ, आणि मनाने इतकी मोकळी की कधीकधी तिचा राग यायचा. माझ्या मुलीच्या जन्मानंतर मला कावीळ झाली. दूध आटलं, अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं. तेव्हा अक्काचा धाकटा अंगावर पीत होता. तिनं कुणाला न विचारता माझी पोर उचलली आणि दुसऱ्या बाजूला लावली. "दोन कशाला दिलीत देवानं?" असं म्हणून स्वतःच हसली. कितीतरी दिवस दोन्ही पोरं एकदम पाजत होती. माझी मुलगी आज धडधाकट आहे ती तिच्या दुधावर, आणि हे मी कुणासमोरही सांगते.

आषाढ संपत आला होता. केळीतली सुकी पानं कापायचं, बुंध्याशी फुटलेली पिलं काढायचं काम चालू होतं. अक्का शेतातून आली, आणि तिचे केळीचे कपडे मी माझ्या कपड्यांसोबत धुवायला घेतले. केळीत जाताना आम्ही ब्लाऊजवरून नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालतो, पानांच्या कडा लागू नयेत म्हणून. शर्टावर नेहमीचे डाग होते. आतल्या ब्लाऊजवर डाव्या बाजूला, बरोबर पुढं, आठ आण्याएवढा एक तपकिरी डाग होता.

मी म्हटलं, "अक्का, आता आतपर्यंत चीक घेता का?"

ती मागच्या दारात पाय धूत होती. "काही नही व," ती म्हणाली, "केयना डाग शे."

मी ब्लाऊज दगडावर टाकला, थंड पाणी ओतलं, सवयीने दोनदा चोळला आणि पिळला. झटकून दोरीवर टाकायला गेले तर डाग नव्हता.

मी तो ब्लाऊज उलटा केला, सुलटा केला, उजेडाकडं धरला. काहीच नाही, स्वच्छ. केळीचा डाग जात नाही, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मग मी वरचा शर्ट पाहिला. त्या जागी शर्टावर चिकाचा ठिपकाही नव्हता. म्हणजे जे काही होतं ते बाहेरून आत गेलेलं नव्हतं.

मी अक्काच्या तोंडाकडं पाहिलं. ती माझ्याच हाताकडं बघत होती. तिला माहीत होतं. त्या क्षणी मला जे वाटलं ते सरळ सांगते, मला तिच्या एक ठेवून द्यावीशी वाटली.

तिला मी ओढतच पुढच्या खोलीत नेलं, पडदा ओढला. "काढा," म्हटलं. आज 'ढिला शिव गं' नव्हतं. तिनं हुक काढले. आत रुमालाची घडी होती. घडीवर ओला लाल ठिपका होता. दाबायचीसुद्धा गरज पडली नाही, मी पाहत असताना बोंडाच्या एका बारीक भोकातून एक थेंब वर आला आणि तिथंच थांबला. मी चार बोटं सपाट ठेवून चाचपलं. बोंडाच्या वरच्या बाजूला, आत, सुपारीसारखं काहीतरी कडक लागलं. कपड्यात राहिलेल्या सुईसारखं चटकन कळलं. सरकवलं तर सरकेना.

"दुखतं का?"

"नाही गं. म्हणून तर म्हटलं काही नसेल. दुधाची राहिलेली गाठ असेल. एरंडाचं पान गरम करून बांधत होते मी."

"धाकट्याचं दूध सुटून किती वर्षं झाली अक्का?"

ब्लाऊजचे हुक लावता लावता तिनं जे विचारलं ते मला अजून आठवतं. खाली बघत, अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "हे रक्त विटाळात धरतात का गं? कानबाई येतेय. विटाळ धरला तर मला हात लावू देणार नाहीत."

आता हे बाहेरच्यांना कळणार नाही. श्रावणात आमच्याकडं कानबाई, आमची देवी, बसते. सगळी भाऊबंदकी एका घरी जमते, गहू दळून नैवेद्याचे रोट करतात, आणि ते रोट घरच्यांनीच खायचे असतात. थोरली सून म्हणून ते सगळं अक्काच्या हातात. ती दरवर्षी त्या दोन दिवसांसाठी जगते म्हटलं तरी चालेल. म्हणून तिनं डाग केळीच्या डागांत लपवला होता. आमच्या घरात ब्लाऊजवरचा तपकिरी डाग कुणी दुसऱ्यांदा बघत नाही, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

सासूला आम्ही बाई म्हणतो. बाईंना सांगितलं तर त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. "दुखस का?" त्यांनी विचारलं. अक्का म्हणाली, नाही. "मंग कसाले डॉक्टर? कानबाई व्हई जाऊ दे."

मी म्हटलं, "बाई, रक्त येतंय."

"सुई लागनी का ते पसरी जास," बाई म्हणाल्या. आणि त्यांनी भाऊबंदकीतल्या एका चुलतसासूचं नाव घेतलं. तिला डॉक्टरांनी गाठीत सुई घालून तपासलं आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती गेली. सुई घालायच्या आधी ती चांगली चालती बोलती होती, हे सगळ्या गावानं पाहिलेलं. मी तिचेही ब्लाऊज शिवले होते. शेवटी शेवटी ती माप द्यायला यायची बंद झाली होती, आणि तिच्या जवळ बसलं की वास यायचा, आणि सगळे वासाबद्दल गप्प राहायचे. सुई लागली तेव्हा तिचं सगळं होऊन गेलं होतं. पण गावाच्या लक्षात राहिली ती सुई. मी हे बाईंना घसा सुकेपर्यंत सांगितलं. त्या तांदूळच निवडत राहिल्या. मला वाटलं, या बाईच्या छातीत काळीज आहे की दगड?

दोन दिवस मी वाट पाहिली. अक्का मला चुकवायला लागली. कपडे स्वतः धुवायला लागली, तेही मी उठायच्या आत. घर नेहमीसारखं चालू होतं. पोरं शाळेत जात होती, दळण येत होतं, अंगण सारवलं जात होतं, आणि मला एकसारखा तो थेंब दिसत होता. ताटावर बसले की दिसायचा, मशीनवर बसले की दिसायचा. आत काय चाललंय हे कुणाला कळत नव्हतं आणि ते थांबलेलं नव्हतं एवढं मात्र मला कळत होतं.

शेवटी माझं डोकं फिरलं. दुपारी भाऊ, म्हणजे अक्काचे यजमान, माझे जेठ, ओसरीवर जेवत होते. आमच्या घरात धाकटी सून जेठाशी समोरासमोर बोलत नाही. पदर डोक्यावर, आणि काही सांगायचंच असेल तर नवऱ्यामार्फत. लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी सरळ बोलल्याचं मला आठवत नाही. मी जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

"भाऊ, अक्काच्या थानातून रक्त येतंय. आत गाठ आहे. उद्या जळगावला न्या."

त्यांच्या हातात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा तुकडा होता. तो तसाच राहिला. शेजारी बसलेला माझा नवरा जमिनीत शिरायला जागा शोधत होता. आतून बाईंचा आवाज आला, "लाज विकून खाल्ली का?" मी म्हटलं, हो, विकली. मी जागची हलले नाही. छाती म्हणता आलं असतं, मलाही कळत होतं. पण छाती म्हटलं असतं तर त्यांनी खोकल्याचं औषध आणलं असतं.

भाऊंनी हात धुतले. बराच वेळ टॉवेलला पुसत राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "कोणत्या डॉक्टरकडं?"

जळगावच्या डॉक्टर बाई होत्या, हे एक बरं झालं. त्यांनी अक्काला हात वर करायला लावले, कमरेवर ठेवायला लावले, आडवं केलं, काखेत खोल बोटं घालून पाहिलं. मग मशीनमध्ये फोटो. त्या मशीनच्या दोन पाट्यांमध्ये ठेवून दाबतात. अक्का बाहेर आली ती डोळ्यात पाणी घेऊन, पण म्हणाली, "दळणासारखं वाटलं गं."

डॉक्टर बाईंनी कागदावर आकृती काढून दाखवली. आत दूध तयार करणाऱ्या ग्रंथी असतात, तिथून बारीक नळ्या निघतात आणि सगळ्या बोंडाशी येतात. बाकी चरबी. काखेत छोट्या गाठी, शरीराची घाण गाळायला. भाऊ आकृतीकडं बघत होते. इतका वेळ मान खाली घालून बसलेला माणूस, एकदम म्हणाला, "म्हणजे ठिबकसारखं. नळी, आणि काखेत फिल्टर."

"तसंच," डॉक्टर म्हणाल्या. "एका नळीत काहीतरी झालंय. फिल्टरपर्यंत गेलंय का ते बघायचं. बहुतेक गाठी साध्या असतात, घाबरू नका. पण एकाच भोकातून आपोआप रक्त येत असेल तर सोडून द्यायचं नसतं. सुईनं तुकडा काढावा लागेल."

सुई म्हटल्यावर अक्कानं माझा हात असा धरला की बांगडी रुतली. मी डॉक्टरांना तोंडावर विचारलं, सुईनं पसरतं का? त्या चिडल्या नाहीत. त्यांना हा प्रश्न रोज विचारत असावेत. म्हणाल्या, "नाही. सुईनं फक्त कळतं. न कळल्यानं पसरतं."

रिपोर्ट यायच्या आतच कानबाई आली. अक्कानं कुणाला काही कळू दिलं नाही. बाईंनीही विटाळाचा विषय काढला नाही, आणि मला त्याचं आश्चर्य वाटलं. घर माणसांनी भरलं. अक्का रोट थापत होती, हसत होती, पोरांना ओरडत होती. फक्त वरच्या फळीवरचं काही काढायचं असलं की ती उजवा हात पुढं करायची आणि डावा अंगाशी धरून ठेवायची. सगळे देवीसमोर गात होते आणि मी त्या डाव्या हाताकडं बघत होते. ज्या बाईनं सगळ्यांना वाढलं तिच्या पोटात त्या दिवशी काही गेलं का, हे कुणी विचारलं नाही. मी विचारलं. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी खाईन." आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन परत वाढायला वळली.

रिपोर्ट वाईट आला. भाऊंनी तो उभ्या उभ्याच ऐकला आणि मग ते खुर्चीवर बसले. ऑपरेशन धुळ्याला करायचं ठरलं, माझं माहेर तिथं म्हणून राहायची, डब्याची सोय होती. डावी बाजू पूर्ण काढली. काखेतल्या गाठीही काढल्या, त्यातल्या काहींत उतरलेलं होतं. सर्जन म्हणाले, "अगदी लवकर आलात असं म्हणणार नाही. पण हातात आहे अजून." हे 'हातात आहे' मी कितीतरी दिवस चघळत राहिले. कुणाच्या हातात, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

पहिल्यांदा पट्टी सोडली तेव्हा अक्कानं आरसा मागितला. बघितलं. सपाट जागा, आडवा टाका, काखेपर्यंत गेलेला. टाक्याशेजारी बोट ठेवून म्हणाली, "तुझी पोर याच बाजूला पीत होती." मग रडली, आणि मी पण रडले, आणि नर्स येऊन आम्हाला दोघींना रागावली.

आता केमो चालू आहे. ठरल्या दिवशी धुळ्याला जायचं, सलाईन, मग घरी येऊन उलट्या. केस गेले. तिच्यासाठी मी ब्लाऊज शिवते, डाव्या बाजूला आतून मऊ कापसाची उशी लावून. पहिला शिवला तेव्हा तिला जड वाटला, उसवून हलका केला. ती जगेल की नाही, मला माहीत नाही. कुणालाच नाही.

या सगळ्यात बाईंचा मला फार राग यायचा. एकतर अडवलं, आणि आता घरी आल्यावर प्रश्नांचा मारा. सुई कुठं घातली? किती आत? भूल दिली होती का? कापल्यावर परत येतं का? गाठ किती मोठी होती? किती दिवसांची होती, डॉक्टर काय म्हणाले? जखम पाहू दे. अक्का बिचारी दाखवायची. बाई वाकून, अगदी जवळून बघायच्या, बोट न लावता. एकदा मी फाडकन बोललेच की तमाशा आहे का हा, तिला झोपू द्या. बाई उठून गेल्या.

परवा दुपारी घरात आम्ही तिघीच होतो. अक्का आत झोपलेली. मी मशीनवर होते. बाई आल्या, आणि म्हणाल्या, "दार लाव." मला वाटलं पुन्हा काहीतरी विचारायचं असेल. मी दार लावलं. त्यांनी स्वतःच पडदा ओढला.

बाई जुन्या वळणाच्या, गाठीची चोळी घालतात. ती बाजारातून आणतात, माझ्याकडं कधी माप दिलेलं नाही. त्यांनी चोळीची गाठ सोडली. आत हळदीत भिजवलेलं फडकं होतं, घट्ट चिकटलेलं. ते सोडवताना त्यांचा चेहरा हलला नाही. उजवं बोंड आत ओढलं गेलेलं होतं. भोवतालची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झालेली, आणि एका जागी ती फाटलेली होती.

"हात आन आठे," त्या म्हणाल्या.

मी हात ठेवला. काय लागलं ते लिहीत नाही.

"कवयपशी शे हे, बाई?"

"गैरा दिन व्हयनात. तुनी पोर रांगे तवयपशी."

माझी पोर रांगत होती तेव्हापासून. ती आता सायकल चालवते. म्हणजे तांदूळ निवडत सुईनं पसरतं म्हणून मला सांगत होत्या, तेव्हा हे चोळीत होतं. सून कापून घेऊन परत येते का, हे बघायला त्या थांबल्या होत्या. मी त्यांना किती वाईट बोलले होते ते सगळं आठवलं, आणि तरीही राग गेला नाही. कुणाचा राग, तेही कळेना.

"तिना व्हई जाऊ दे पहिले," बाई गाठ बांधत म्हणाल्या. "घरमा एकच पुरे."

मी त्यांच्या हातातून चोळीची टोकं काढून घेतली आणि माझ्या हातानं गाठ बांधली. मग मागच्या अंगणात जाऊन जळगावच्या डॉक्टर बाईंना फोन लावला. त्यांनी माझा आवाज ओळखला. म्हणाल्या, "जाऊबाईंना त्रास होतोय का?"

"जाऊ नाही," मी म्हटलं. "सासू."

मग त्यांनी विचारलं, गाठ केवढी आहे. मी उजव्या हाताची मूठ वळली आणि समोर धरली, आणि धरल्यावर लक्षात आलं की त्यांना दिसत नाहीये.